दोन इवाई, दोन बॅटऱ्या

कारभारीला राग यायला कारण लागायचं नाही. कारण नसलं तर तो चार ठिकाणी हिंडून शोधून आणायचा. सकाळी चहा गार म्हणून बायकोवर, एसटीत उभं राहावं लागलं म्हणून कंडक्टरवर, आणि बसायला जागा मिळाली तर खिडकी कामून बंद म्हणून शेजारच्यावर. चितेगावात लोक त्याला रामराम घालायचे ते लांबूनच. पण हे सगळे फुटकळ राग झाले. त्याचा खरा, जपून ठेवलेला राग एकाच माणसावर होता, सांडूवर. आणि सांडू म्हणजे कोणी परका नव्हे, त्याचा इवाई. कारभारीची एकुलती एक लेक आवडा सांडूच्या बन्सीला दिलेली.

आता इवाया-इवायाचं न पटणं यात नवल ते काय! घरोघरी तेच असतं. वर्षातनं दोनदा भेटायचं, तोंडदेखलं हसायचं, पानसुपारी खायची आणि आपापल्या गावाला जाऊन शिव्या घालायच्या. पण या दोघांच्या नशिबी तेवढंही सुख नव्हतं. दोघांची नोकरी एकाच नावेवर. रोज उठून एकमेकांचं थोबाड बघायचं.

पैठणच्या धरणाच्या फुगवट्यात, शहराला पाणी उपसतात त्या बाजूला, एका ठेकेदाराची ही इंजिनाची नाव होती. पाण्यात मधोमध उपशाची विहीर उभी, तिथवर माणसं आणि सामान न्यायचं, विहिरीच्या जाळीत अडकलेला पालापाचोळा काढायचा, असलं तिचं काम. नाव चालवायची सांडूनं आणि बॅटऱ्या सांभाळायच्या कारभारीनं.

खरं म्हणजे कारभारी मेंढपाळाच्या घरचा. त्याचा बाप मुंजाबा, धरण व्हायच्या आधी याच नदीकाठानं मेंढरं हिंडवायचा. आज जिथं बांबू बुडतो तिथं त्याच्या मेंढरांचा वाडा बसायचा. पुढं चितेगावात कारखाने आले आणि कारभारीनं काठी ठेवून खाकी कपडे चढवले. कारखान्यात माल ओढणाऱ्या बॅटरीच्या गाड्या होत्या, त्यांच्या चार्जिंगच्या खोलीत तो लागला आणि तिथंच त्याचे केस पिकले. आधी चिमटे लावायचे, मग बटण दाबायचं. काढताना आधी बटण, मग चिमटे. झाकणं सैल ठेवायची. चार्जिंग चालू असताना वायू सुटतो, म्हणून जवळपास बिडी पेटवायची नाही. एवढं शिकायला कोणी शहाणा लागत नाही. पण कारभारीनं ते असं काही डोक्यात घेतलं होतं, की जणू जगातली सगळी माणसं चिमटे उलटे लावायलाच जन्माला आली आहेत आणि आपण त्यांना हाकलायला. कारखाना बंद पडला तेव्हा ठेकेदारानं त्याला धरणावर आणलं. काठावर पत्र्याची शेड, शेडमध्ये दोन चार्जर, बाहेर बाभळीखाली एक बाजलं. त्या शेडचा कारभारी राजाच झाला.

आणि राज्याला तसं वजनही होतं. चालता चालता बॅटरी आपोआप भरायची सोय नावेच्या इंजिनात होती, पण ती जळाली. ठेकेदार 'बघू, बघू' म्हणत राहिला. तेव्हापासून काठावरच्या चार्जरमधून भरेल तेवढीच वीज, तिच्यावर दिवस काढायचा. नावेत बॅटऱ्या दोन. एक नंबरची इंजिन चालू करायला. दोन नंबरची दिव्याला, भोंग्याला, टेपला, आणि नावेच्या तळाशी साचलेलं पाणी बाहेर फेकणाऱ्या छोट्या पंपाला. मध्ये एक गोल स्विच. त्याच्यावर कारभारीनं पांढऱ्या रंगानं स्वतः लिहिलेलं: बंद, एक, दोन, दोन्ही. नियम साधा. स्विच 'एक'वर आणून इंजिन चालू करायचं, आणि लगेच 'दोन'वर टाकायचं. म्हणजे टेप वाजवा, पंप चालवा, काय करायचं ते करा, दोन नंबर उतरेल. एक नंबर इंजिनासाठी राखून राहील.

सांडू स्विच कायम 'दोन्ही'वर ठेवायचा. सकाळी टाकला की संध्याकाळी बंद. मध्ये हात लावणं त्याला जमायचं नाही. "इवाई, दोन बैल असताना एकच कामून जुपायचा?" असं वर विचारायचा. झालं! कारभारीचं पित्त खवळायचं.

पण पहिल्यांदा हे भांडण गोड होतं, हे सांगायला हवं. शेडच्या सावलीत दोघं एका फडक्यातली भाकरी खायचे. लग्नाची गोष्टसुद्धा त्याच बाजल्यावर निघाली. "तुमची आवडा, आमचा बन्सी," सांडू म्हणाला, आणि कारभारीनं हातातला ठेचा खाली ठेवून त्याला कडकडून मिठी मारली. असा त्यांचा जीव होता!

वैर झालं ते लग्नाच्या मांडवात.

वरात चितेगावच्या वेशीत आली तेव्हा गावात लाईट गेलेली. पण नवरदेवापुढं हातगाडी, हातगाडीवर ट्यूबलाईटी लखलख पेटलेल्या, कर्णा वाजतोय, पोरं नाचताहेत. मांडवाच्या दारात कारभारी तांब्या घेऊन वाकला, मुलीच्या बापानं वरबापाचे पाय धुवायचे म्हणून. सांडूनं उजवा पाय पुढं केला. कारभारीनं पाणी घातलं आणि सहज मान वर केली, तर हातगाडीच्या खालच्या फळीवर बॅटरी. बॅटरीवर पांढऱ्या रंगात आकडा. एक.

दुसरा कोणी असता तर त्यानं डावा पाय धुतला असता. रात्र जाऊ द्यायची, लग्न लागू द्यायचं, मग काय ते बोलायचं. कारभारीनं तांब्या फेकला. "चोर! आवं, ही माझी बॅटरी हाय! नावेची बॅटरी चोरून आणली या मानसानं!" कर्णा थांबला, पोरं थांबली. दोन्ही गावची माणसं बघत राहिली. सांडू एक पाय ओला, एक पाय कोरडा असा उभा.

"सोयऱ्याची बॅटरी सोयऱ्याच्या लग्नाला आनली," तो हळूच म्हणाला. "चोरी कसली, इवाई?"

"इचारलं व्हतं का मला? सगळी पिळून काढली ना? आता ती मेली! मेली ती!"

भरल्या मांडवात मेली, मेली म्हणून ओरडतोय बाप! बायकांनी पदराला तोंड लावलं. आत बोहल्यावर चढायला निघालेली आवडा तिथंच खाली बसली. लग्न लागलं, कारण अक्षता वाटून झाल्या होत्या. पण सांडूनं त्या घरचा घोटभर चहा घेतला नाही. आणि आवडा जी गेली ती गेली. नागपंचमीला नाही, दिवाळीला नाही, सांडूनं तिला माहेरी धाडलं नाही. निरोप एकच, "मांडवात चोर म्हनले. आता माझ्या दारात येऊन चार मानसांत म्हना, चुकलं."

"चुकलं कुनाचं?" कारभारी घरी बसून गरजायचा. "बॅटरी नेली कुनी? आनि चुकलं म्हनायचं म्या?"

एका अर्थी त्याचंही खरं होतं. बॅटरी तळापर्यंत उतरली ती पुन्हा कधी धड भरली नाही. ठेकेदारानं बोलणी खाऊ घातली ती कारभारीलाच. मग त्यानं नावेतल्या बॅटऱ्यांना लाकडी पेटी करून घेतली, पेटीला दणकट कुलूप ठोकलं आणि किल्ली स्वतःच्या करदोड्याला बांधली. स्विच तेवढा पेटीच्या बाहेर राहिला. रोज सकाळी सांडू नावेत चढताना ते कुलूप बघायचा. पण बोलणं बंद म्हणावं तर तेही नाही, कारण इवाई म्हटल्यावर मान राखावाच लागतो.

"या इवाई. बसा."

"बसतो की. बिडी पिऊ का, का तेलाबी कुलूप लावलं?"

"प्या ना. तिकडं पान्यात उतरून प्या."

अशी त्यांची सकाळ उजाडायची. काठावर जाळी टाकणारा फकिरा भोई हे ऐकून मान हलवायचा. "तुमच्यापरीस शिव्या बऱ्या," म्हणायचा.

यात आवडाला सातवा महिना लागला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही रीत. आणि लेकीला आणायला माहेरच्यानंच जायचं, हीही रीत. आवडाला भाऊ नाही. म्हणजे जायचं कारभारीनं, आणि जायचं कुठं, तर सांडूच्या दारात.

मनकर्णाबाई, त्याची बायको, हात जोडत राहिली. "आवं, एक शब्द म्हना आनि लेक घेऊन या. चुकलं म्हनल्यानं काय जीभ झडती का?"

"झडती," कारभारी म्हणायचा.

पण रात्री कूस बदलत पडायचा. आवडा लहान होती तेव्हा कारखान्यातून आला की ती त्याचे हात हुंगायची, ॲसिडच्या वासानं नाक मुरडायची आणि तरी मांडीवरून उतरायची नाही. ती आली पाहिजे, तिचं बाळंतपण या घरात झालं पाहिजे, एवढंच त्याला जगात हवं होतं. त्यासाठी काय वाट्टेल ते करायला तो तयार होता. फक्त तेवढं एक सोडून.

त्या दिवशी सकाळी मनकर्णाबाई अंगणात बाजलं आवळत बसलेली. चुलीवर डिंकाच्या लाडवाचा वास.

"आज जरा लवकर या घरी. येताना नारळ आना."

"कामून? कुनाची पूजा हाय?"

"आना म्हनलं तर आना. समद्याची हुजत कामून घालता?"

ती हसत होती. खरं म्हणजे एवढ्यावरून कोणाच्याही लक्षात आलं असतं. बायांनी आपसात जुळवलं होतं. मनकर्णाबाईनं बाजारात सांडूच्या बायकोला, भागूबाईला गाठलं होतं. भागूबाईनं नवऱ्याला घरात रोज एवढं बोलून घेतलं, की अखेर सांडू म्हणाला, बरं, मीच नेऊन सोडतो पोरीला. वरबापानं सुनेला स्वतः माहेरी पोचवायचं, म्हणजे केवढा कमीपणा! पण तो तयार झाला होता. फक्त कारभारीला आधी सांगायचं नाही, नाही तर हा माणूस उगाच फाटे फोडील, असं बायांचं ठरलं. तेवढं सांगितलं असतं तर! पण कारभारीला गोष्ट विश्वासानं सांगावी असं त्यानं कोणाला कधी वाटू दिलं होतं?

कारभारी गेला तो धुमसतच. आदल्या संध्याकाळी सांडूनं नाव लावली ती टेप चालू ठेवून. स्विच 'दोन्ही'वर. दोन्ही बॅटऱ्या पार उतरलेल्या. आणि पेटीच्या झाकणावर, बरोबर कुलपाशेजारी, विझलेल्या बिडीचं थोटूक. ते थोटूक बघून कारभारीच्या डोक्यात जे शिरलं, ते शेडमधल्या चार्जरसारखं रात्रभर घरघरत राहिलं आणि सकाळी त्यानं करून टाकलं.

रात्रभरात एक नंबर अर्धीच भरली होती, तरी त्यानं बटण बंद केलं. दोन नंबर काठोकाठ भरली होती. दोन्ही त्यानं पेटीत ठेवून जोडल्या, मग पान्यानं दोन नंबरची वायर सैल केली, काढून बाजूला सारली आणि पेटीला कुलूप घातलं.

हिशेब असा. सांडू नियमानं वागला, तर इंजिन चालू करून स्विच 'दोन'वर टाकील आणि त्याला काठावरच कळेल, की दोन नंबर मुकी आहे. मग यावं त्यानं विचारायला. आणि सवयीनं 'दोन्ही'वर ठेवला तर त्याला काही कळणारच नाही. सगळा भार एकट्या अर्ध्यामुर्ध्या एक नंबरवर पडेल आणि ती मध्येच मान टाकील. नावेच्या पाण्यातल्या पंख्यात दिवसातून एकदा तरी कोणाचं ना कोणाचं जाळं अडकतंच. त्यासाठी इंजिन बंद केलं, की पुन्हा चालू व्हायचं नाही. दोरीनं ओढून चालू करायची सोय होती, पण ती दोरी सांडूनं केव्हाच घरी नेऊन शेळीला बांधलेली. 'बसू दे बोंबलत पान्यात,' कारभारी म्हणाला, 'समद्या भोयांनी हसू दे. मंग कळंल दोन बैल कसे जुपायचे ते.' नियम पाळणाऱ्याला आपण काहीच करत नाही, जे काय होईल ते ज्याच्या त्याच्या हातानं, असंही त्यानं मनाला समजावलं. समजावलं म्हणजे काय, मन आधीच तयार होतं.

सांडू आला. आज धुतलेलं धोतर, डोक्याला नवा फेटा.

"इवाई, बॅटऱ्या भरल्यात ना? आज जरा भरोसा पायजे."

"भरल्यात की. तुमी नियमानं वागा म्हंजे झालं."

सांडूनं त्याच्याकडं बघितलं. काहीतरी सांगायच्या बेतात होता बिचारा. ओठ हललेसुद्धा. पण मग नजर कुलपाकडं गेली आणि ओठ मिटले. स्विच 'दोन्ही'वर टाकून तो निघून गेला.

दुपार टळली तरी नाव आली नाही. विहिरीवरही दिसेना. कारभारी बाभळीखाली बाजल्यावर बसून पाण्याकडं डोळे लावून होता. वारं सुटलं होतं, पाण्यावर बारीक लाटा उठत होत्या. आणि मग पलीकडच्या काठाकडून नाव येताना दिसली. सांडूच्या गावाकडून, जिथून तो रोज एसटीनं वळसा घालून यायचा. कामाच्या वेळेत घरी जेवायला गेला वाटतं, बेइमान! मध्यावर आली आणि थांबली. सांडू मागं वाकून पंख्यातलं जाळं कापताना दिसला. मग सरळ झाला, चावी फिरवली. आवाज नाही. पुन्हा फिरवली. आवाज नाही.

कारभारी बाजल्यावरून असा उठला, की बाजलं उलटलं. असा आनंद त्याला लेकीच्या जन्माला झाला असेल, नंतर नाही. तो पाण्याच्या कडेला धावला, दोन्ही हात तोंडाशी धरले. पाण्यावरून आवाज किती लांब जातो हे मेंढपाळाच्या पोराला कोणी सांगायला नको.

"काय इवाई! बसा आता तिथंच! दोन बैल जुपले ना? अवो, एक बैल म्या सोडलाय! म्याच काढलीय वायर, म्याच! घाला बोंब, म्हना चुकलं! चुकलं म्हना, मंग येतो किल्ली घेऊन!"

फकिरा जाळं टाकून बघत राहिला. सांडू खाली वाकून डब्यानं पाणी उपसत होता, घाईघाईनं. वारं नावेला ढकलत होतं. ढकलत होतं ते कुठं, तर जुन्या गावाच्या बाभळीबनाकडं. पाण्यात बुडालेली ती झाडं, वरून नुसती टोकं दिसतात आणि खाली बुंधे भाल्यासारखे उभे. नावेचा पत्रा तिथं घासला तर फाटायचाच.

आणि मग नावेच्या तळाशी, ताडपत्रीच्या सावलीला बसलेलं कोणीतरी उठून उभं राहिलं. एका हातानं कठडा धरलेला, एक हात पोटावर. अंगावर हिरवी साडी.

डोळ्यांना दिसलं ते डोक्यात शिरेना. "ही कोन?" त्यानं फकिराला विचारलं, जसं काही फकिराला ठाऊक असणार होतं.

"कोन म्हंजे?" फकिरा म्हणाला. "तुमची आवडा हाय. सांडू सकाळीच बोलला मला, लेक पोचवायची इवायाकडं. तुमाला ठाव नाय?"

मग कारभारीला आठवलं. आवळलेलं बाजलं. डिंकाचा वास. नारळ. नवा फेटा. 'आज जरा भरोसा पायजे.'

"फकिरा, ने मला! तुपला तराफा काढ! किल्ली माझ्याकडं हाय, माझ्याच कमरंला हाय!" तो ओरडत होता आणि करदोडा चाचपत होता. थर्माकोलचा तो तराफा, एका भोयाचं वजन कसंबसं तोलणारा. कारभारीला पोहता येत नव्हतं. आयुष्यभर पाण्याच्या कडेला काढलं पण गुडघ्याच्या वर कधी गेला नाही. आज चप्पल काठावर टाकून तो त्या तराफ्यावर पालथा पडला. दातात पाना धरलेला. फकिरा फळीनं पाणी मागं सारत होता आणि दर लाटेला कारभारीच्या नाकातोंडात पाणी जात होतं. देवाचं नाव घ्यायलासुद्धा तोंड मोकळं नव्हतं.

ते पोचले तेव्हा पहिलं बाभळीचं टोक नावेपासून हातभर राहिलं होतं. सांडू वल्ह्यानं ते रेटून धरत होता. नवा फेटा पाण्यात पडलेला. त्यानं कारभारीला दंडाला धरून वर ओढलं. कारभारीनं कुलूप उघडलं, वायर बसवली, पाना आवळला. घाईत पाना दोनदा सुटला. सांडूनं चावी फिरवली आणि इंजिन पहिल्या हिसक्याला बोललं. दोन नंबर काठोकाठ भरलेली होती ना!

नाव झाडांपासून लांब गेली. मग कारभारीनं लेकीकडं बघितलं. लग्नानंतर पहिल्यांदा. चेहरा भरलेला, पाय सुजलेले. त्या पायांखाली सांडूनं पोत्याची घडी करून घातली होती. पोतं वरून कोरडं होतं.

"आवडा," तो म्हणाला. "माय, मला ठाव नव्हतं तू..."

"टेप नव्हता लावला आज, दादा." तिचा आवाज अगदी शांत होता. "मामांनी निघाल्यापासून पंप चालू ठिवला व्हता. माझे पाय ओले हू नाय म्हनून. तेच्यानं उतरली बॅटरी."

कारभारीनं हातातला पाना खाली ठेवला.

"तुमी वरडत व्हते ते समदं आयकू आलं मला," ती म्हणाली. "मी म्हनलं, आता म्हनतील आवडा कशी हाय. तुमी म्हनले, किल्ली घेऊन येतो."

"मला दिसली नाय तू! देवाशप्पथ, दिसली नाय!"

"मी मांडवातबी नव्हते दिसले तुमाला."

काठ जवळ आला होता. शेड दिसत होती, उलटं पडलेलं बाजलं दिसत होतं. आवडानं सासऱ्याकडं तोंड केलं. "मामा, नाव माघारी घ्या."

सांडू चपापला. "पोरी, दारात आलीय. उंबऱ्यापासनं माघारी फिरू नाय. तुझी माय वाट बघत आसंल."

"मायला म्हनावं तिकडं ये. इथं मी उतरत नाय." आणि मग तिचा बांध फुटला. तोंडावर पदर घेऊन ती ढसाढसा रडायला लागली. कारभारीनं हात पुढं केला तसा तिनं पाय आखडून घेतले, जसं काही त्याच्या हाताचा वास आता खरोखरच सोसत नव्हता.

सांडूनं कारभारीला काठावर उतरवलं. आवडाच्या शिदोरीचं गाठोडं त्याच्या हातात दिलं, मनकर्णाबाईसाठी. नाव वळवायच्या आधी तो म्हणाला, "पेटी उघडी राह्यली, इवाई. कुलूप लावून घ्या. कुनी चोरून नेईल."

चितेगावच्या घरी मनकर्णाबाई दारात उभी होती. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा, लेकीवरून ओवाळून टाकायला. शेजारच्या दोघी बाया जमलेल्या. कारभारी ओल्या कपड्यानं, अनवाणी, एकटा आला. तिनं त्याच्या मागं बघितलं. मग पुन्हा त्याच्याकडं.

"आवडा कुठंय?"

त्यानं गाठोडं पुढं केलं आणि सगळं सांगितलं. एवढं मात्र त्यानं केलं, काही लपवलं नाही. मनकर्णाबाईनं पूर्ण ऐकून घेतलं. तिनं भाकरीचा तुकडा कुत्र्याला टाकला, तांब्यातलं पाणी अंगणात ओतलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "बाजलं आवळून ठिवलंय, लाडू केलेत. आता तुमच्या चार्जरला आना घरी आनि करा त्याचं बाळंतपण."

दुसऱ्याच दिवशी ती लाडवांचा डबा घेऊन एसटीनं वळसा घालून लेकीकडं गेली. आवडाला मुलगी झाली ती तिकडंच. ही खबरसुद्धा कारभारीला फकिराकडून कळली. एकदा तो खरंच निघाला होता सांडूच्या दारात जायला. चुकलं म्हणायला. नारळ घेऊन एसटीच्या थांब्यावर उभा राहिला. पण तिथं त्याला मनकर्णाबाईनं आणलेला आवडाचा निरोप आठवला, दादांना म्हनावं इतक्यात येऊ नका. तो तसाच परत फिरला.

कुलूप त्यानं दुसऱ्याच दिवशी काढून पाण्यात फेकलं. त्याचा काही उपयोग झाला नाही. कारण सांडू त्या दिवसापासून नियमानं वागायला लागला. इंजिन चालू करताना 'एक', चालू झालं की 'दोन', नाव लावली की 'बंद'. टेप नाही. बिडी प्यायला लांब जातो. इतकं बिनचूक, की कारभारीला तोंड उघडायला जागाच ठेवली नाही. 'बसतो की' नाही, 'बैल' नाही, काही नाही. आणि कारभारीला आता तेच सोसेना. कधीतरी हा स्विच 'दोन्ही'वर सोडील, कधीतरी दोन शब्द बोलता येतील, म्हणून तो रोज संध्याकाळी वाट बघायचा.

नात रांगायला लागल्याचं कळलं त्या संध्याकाळी त्याच्यानं राहवलं नाही. सांडूनं नाव लावली, स्विच बंद केला, काठावर उतरला. कारभारी वाटेत उभा राहिला.

"इवाई," तो म्हणाला. "चुकलं माझं. पोरगी कशी हाय?"

सांडू थांबला. मग त्यानं बिडी कानावरून काढली, हातात धरली, पेटवली नाही.

"दोन नंबर उतरलीय," तो म्हणाला. "चार्जिंगला लावा."

आणि वाटेनं निघून गेला. कारभारीनं नावेत वाकून दोन नंबर उचलली, शेडमध्ये आणली, झाकणं सैल केली, आधी चिमटे लावले आणि मग बटण दाबलं.